कोड सेन्सरचं नाव घेतो, दोष कुठे आहे ते सांगत नाही

आजचा विषय बऱ्याच जणांनी मागितला होता: चेक इंजिनचा दिवा लागलाय, स्कॅनरवर पी ०१०१ असा कोड आलाय, आणि गॅरेजवाला म्हणतोय एअरफ्लो सेन्सर बदला, आठ-नऊ हजार द्या. द्यायचे का? माझं उत्तर: द्या, पण आधी एक रविवार सकाळ मोकळी काढा.

आधी हा सेन्सर करतो काय ते बघू. पेट्रोल जाळायचं तर हवेचं प्रमाण ठरलेलं आहे, १ किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा. म्हणजे एक लिटर पेट्रोल जळताना इंजिन जवळपास ११ किलो हवा आत ओढतं. नऊ हजार लिटरच्या वर झाली ती! आपण पेट्रोलचा हिशोब ठेवतो, हवेचा कोणी ठेवत नाही. तो हा सेन्सर ठेवतो. एअर फिल्टरच्या लगेच पुढे, पाइपात बसलेला. आत एक बारीक तार किंवा पातळ पट्टी असते, तिला वीज देऊन गरम ठेवतात. हवा वाहिली की ती गार होते, पुन्हा गरम ठेवायला जास्त वीज लागते, आणि त्यावरून कॉम्प्युटरला कळतं किती ग्रॅम हवा आली. गरम चहावर फुंकर मारतो ना, तेच. पाश्चात्त्य शास्त्रज्ञ लुई किंगने १९१४ मध्ये तारेच्या या गार होण्याचं गणित मांडलं होतं. गाडीत ते खूप नंतर आलं.

एक सूचना. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत हा सेन्सर नसतोच. त्यात हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो, इंजिनच्या मॅनिफोल्डवर. तेव्हा आधी बॉनेट उघडून बघा. फिल्टरच्या डब्यातून निघणाऱ्या पाइपावर दोन स्क्रूंनी बसवलेला, वायरचा कनेक्टर लागलेला प्लास्टिकचा तुकडा दिसला तर आजचा एपिसोड तुमच्यासाठी.

आता मामाची गोष्ट सांगतो, कारण सगळं तिथेच शिकायला मिळालं. मामा वांद्रे पूर्वेला, खेरवाडीत राहतो. दीड लिटरची जुनी सेदान, टुरिस्ट परवान्यावर चालते. गाडी उभी राहिली की त्या दिवसाची कमाई गेली, आणि हप्ता काही थांबत नाही. कलानगरच्या उड्डाणपुलावर चढताना गाडी ओढेना, एसी लावला की झटके. गॅरेजमध्ये कोड वाचला आणि 'सेन्सर गेला' म्हणून सांगितलं. मामा म्हणाला, "अरे, नऊ हजार आत्ता कुठून आणू? आणि आणले तरी गाडी सुधारेलच याची गॅरंटी कोण देतंय?" दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा होता.

ब्लूटूथवाला ओबीडी डोंगल घ्या. स्टिअरिंगखाली त्याचा सॉकेट असतो. फोनवर ॲप टाका आणि दोनच गोष्टी बघा: हवा किती ग्रॅम प्रति सेकंद, आणि फ्युएल ट्रिम. ट्रिम म्हणजे कॉम्प्युटरने स्वतःच्या मनाने किती टक्के इंधन वाढवलं किंवा कापलं. पाच टक्क्यांच्या आत असेल तर काळजी नको. इंजिन गरम असताना बघा, सीएनजी असेल तर पेट्रोलवर टाकून बघा. आणि बंद बेसमेंटमध्ये इंजिन चालू ठेवून बसू नका, प्लीज. एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास येत नाही आणि जीव घेतो.

खरी गंमत ट्रिममध्ये आहे. उभ्या गाडीत ट्रिम खूप वर, वीस टक्के वगैरे, आणि २५०० आरपीएमला खाली येत असेल, तर सेन्सरच्या पुढे कुठेतरी न मोजलेली हवा आत घुसतेय. रबरी पाइपाच्या घड्या ताणून बघा, तडा बहुतेक खालच्या बाजूला असतो. क्लिप सैल असते. आपल्या सोसायट्यांमध्ये उंदीर हाही एक मेकॅनिकच समजा, व्हॅक्यूमच्या नळ्या कुरतडतो. अशा वेळी नवा सेन्सर लावून काहीही होणार नाही. उलट, उभ्या गाडीत ठीक आणि आरपीएम वाढेल तशी ट्रिम वर, तर सेन्सर कमी हवा मोजतोय किंवा पेट्रोलचा पंप कमी पडतोय.

मामाची गाडी दुसऱ्या प्रकारातली. उभी असताना तीन टक्के, २५०० ला अठरा. मग पंप की सेन्सर? रविवारी पहाटे बीकेसीच्या रिकाम्या रस्त्यावर गेलो. मामा चालवत होता, फोन माझ्या हातात. चालवणाऱ्याने फोन बघायचा नाही, हे सांगायला नको. दीड लिटरचं इंजिन दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटरवर ४००० आरपीएमला साधारण पन्नास ग्रॅम हवा ओढायला पाहिजे. आमचा आकडा तेहतीसच्या पुढे जाईना. पंप कमकुवत असता तर हवेचा आकडा बरोबर आला असता.

म्हणजे गॅरेजवाला बरोबर होता? अर्धा. फिल्टरच्या पुढच्या पाइपात पांढरा रुमाल फिरवला, तो मातकट निघाला. फिल्टरच्या पुढे धूळ असायलाच नको! डब्याच्या मागची एक क्लिप तुटलेली होती, झाकण कोपऱ्यात उचललेलं, आणि धूळ फिल्टरला वळसा घालून थेट तारेवर. वांद्र्याला बांधकामांची धूळ कमी नाही. नवा सेन्सर बसवला असता तर काही महिन्यांत तोही असाच झाला असता.

साफ कसा करायचा: इंजिन बंद, चावी बाहेर, इंजिन गार. कनेक्टरची खिटी दाबून काढा, वायर ओढू नका. स्क्रू कधी कधी तारकाकृती असतात, तो ड्रायव्हर आधीच आणा. फक्त एअरफ्लो सेन्सरसाठीचा स्प्रे वापरा, पाचशेच्या आसपास मिळतो. कार्ब क्लीनर, ब्रेक क्लीनर नको. वीतभर अंतरावरून दहा-पंधरा फवारे. तारेला बोट, कापूस, इअरबड काहीही लावायचं नाही, कॉम्प्रेसरची हवाही नाही. अर्धा तास आपोआप वाळू द्या, मगच बसवा.

झाकण कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या भागांच्या दुकानात मिळालं. झाकण जुनं चालतं. सेन्सर मात्र भंगारातला घेऊ नका, आणि नवा घ्यायची वेळ आली तर पार्ट नंबर जुळवून घ्या, नकली खूप आहेत. कोड पुसला, पुन्हा बीकेसी. आकडा सत्तेचाळीस, चार दिवसांनी ट्रिम चार टक्के.

पी ०१०२ किंवा पी ०१०३ आला तर गोष्ट वेगळी, ती बहुतेक वायर, कनेक्टर किंवा सेन्सरच्या विजेची असते. पिनांवर हिरवट गंज आहे का, वायर कुरतडलीय का, ते बघा. पावसाळ्यात हे जास्त. साफ करूनही आकडा वाढत नसेल, किंवा इंजिन बंद आणि चावी ऑन असताना सेन्सर बरीच हवा दाखवत असेल, तर तो खरंच गेलाय. मग पैसे द्या, वाद घालू नका.

पुढच्या भागात ऑक्सिजन सेन्सर. तुमच्या गाडीची ट्रिम दोन्ही आरपीएमला लिहून पाठवा, गाडीचं मॉडेल आणि किती किलोमीटर झाले तेही टाका.