इटेनची शाळा आणि आपले वसतिगृह

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त बडोदे येथे वसतिगृहाच्या सभागृहात झालेले भाषण)



 न्यासाच्या पन्नास वर्षांच्या कार्याचा आढावा चिटणीसांनी माझ्याआधी घेतलाच आहे. त्यात मी भर घालीत नाही. कार्यकारी मंडळापुढे सध्या एक सूचना आहे. आपल्या वसतिगृहातील दहा जागा खेळात चमकणाऱ्या गरीब मुलामुलींसाठी राखून ठेवाव्यात, अशी ती सूचना. तिच्यावरून मतभेद आहेत, हे येथे बसलेल्या सर्वांना ठाऊक आहे. एक पक्ष म्हणतो, खेळणारी मुले अभ्यासात मागे पडतात आणि वसतिगृहाचा निकाल घसरेल. दुसरा म्हणतो, चार पदके आली की न्यासाचे नाव होईल. मला दोन्ही म्हणणी अपुरी वाटतात. का, ते सांगण्यासाठी मी आपणांला थोडे दूर, आफ्रिकेत नेणार आहे. मी भूगोलाचा शिक्षक. दूर नेल्याशिवाय मला जवळचे सांगता येत नाही, ही माझी जुनी खोड माझे विद्यार्थी जाणतात.

केनिया हा देश बडोदेकरांना अपरिचित नाही. आपल्या शेजारच्या कितीतरी गुजराती कुटुंबांचे आप्त नैरोबी आणि मोंबासा येथे व्यापाराला गेले. परंतु मी सांगतो आहे ते गाव व्यापाराचे नव्हे. पश्चिम केनियात मोठ्या खचदरीच्या काठावर इटेन नावाचे एक लहान गाव आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे २४०० मीटर, म्हणजे आठ हजार फूट. काठावर उभे राहिले की केरिओ नदीचे खोरे हजार मीटरांहून अधिक खाली दिसते. हवा थंड आणि विरळ, रस्ते तांबड्या मातीचे, वस्ती कालेंजिन लोकांची, आणि त्यांचा मूळ व्यवसाय गुरे राखण्याचा व शेतीचा. आज या गावाच्या वेशीवर ‘विजेत्यांचे घर’ अशा अर्थाची कमान आहे. ती कमान उभी राहिली याचे पुष्कळसे श्रेय सेंट पॅट्रिक हायस्कूल या मुलांच्या निवासी ख्रिस्ती शाळेकडे जाते.

ही शाळा पॅट्रिशियन ब्रदर्स या आयरिश कॅथॉलिक मंडळाच्या परंपरेतील. हे मंडळ १८०८ मध्ये आयर्लंडात निघाले. ब्रदर म्हणजे पाद्री नव्हे. व्रतस्थ राहून शाळा चालविणारा शिक्षक. याच मंडळाचे ब्रदर १८७५ मध्ये मद्रासलाही आले आणि अड्यारची त्यांची शाळा प्रसिद्ध आहे. म्हणजे ही परंपरा आपल्या देशालाही परकी नाही.

१९७६ साली या मंडळाचे एक अठ्ठावीस वर्षांचे ब्रदर, कॉल्म ओकॉनेल, इटेनला आले. तेही भूगोलाचेच शिक्षक. म्हणूनही असेल, पण मला त्यांच्याविषयी विशेष आपलेपणा वाटतो. धावण्याच्या शिक्षणाचा त्यांना गंधही नव्हता. कोणतेही प्रशस्तिपत्र नाही, स्वतः शर्यती जिंकलेल्या नाहीत. मुलांना धावणे शिकविण्याचे काम तेव्हा पीट फॉस्टर नावाचे एक इंग्रज शिक्षक पाहत. त्यांचे बंधू ब्रेंडन फॉस्टर यांनी त्याच वर्षी मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटरचे कांस्यपदक मिळविले होते. पीट मायदेशी परतले आणि मैदान ब्रदर कॉल्म यांच्या गळ्यात पडले. थोड्या काळासाठी आलेला हा गृहस्थ पुढची चाळीसहून अधिक वर्षे तेथेच राहिला.

ज्याला काही येत नाही, त्याने शिकवायचे कसे? ब्रदर कॉल्म यांनी सोपा मार्ग धरला. ते मुलांकडे पाहत राहिले. कोणाचा खांदा आखडतो, कोणाचे पाऊल जड पडते, कोण दमला तरी चेहरा सैल ठेवतो, हे त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले आणि मुलांनाच विचारले, तुला आज कसे वाटते? त्यातून त्यांची रीत तयार झाली. जोर लावण्याआधी हळू आणि डौलदार धावायला शिकायचे. लक्ष, अंगाची ठेवण, स्थैर्य आणि वेळेचा मेळ, या चार गोष्टी आधी साधायच्या. कोवळ्या वयात मुलाला पिळून काढायचे नाही. आपल्या तालमीतले जुने वस्ताद जोर-बैठकांची संख्या वाढविण्याआधी पवित्रा पाहत, तसेच हे. याच शहरात जुम्मादादांच्या आखाड्यात प्रो. माणिकराव तयार झाले. गुरू मुसलमान, शिष्य हिंदू, आणि दोघांमध्ये धर्म आडवा आला नाही. इटेनमध्येही एका आयरिश कॅथॉलिकाने कालेंजिन मुलांना घडविले, आणि त्या मुलांनी त्याला घडविले. विद्या अशीच दोन्ही दिशांनी वाहते.

आता शाळेतील जीवनाविषयी. केनियातील निवासी शाळा म्हणजे शिस्तीचे घर. दिवस पहाटे सुरू होतो. गणवेश, प्रार्थना, दिवसभर वर्ग, वर्ग सुटल्यावर मैदान, रात्री दिव्याखाली अभ्यास. जेवण साधे: मक्याच्या पिठाचा घट्ट शिजविलेला गोळा, ज्याला तेथे उगाली म्हणतात, त्याच्याबरोबर पालेभाजी किंवा घेवडा, आणि भरपूर दूध घातलेला गोड चहा. माध्यमिक शाळेची वर्षे तेव्हा चार असत, आणि शेवटी साऱ्या देशाची एकच परीक्षा असे. उत्तम धावणाऱ्याला वेगळा पेपर मिळत नसे. गणित सर्वांना तेच.

मंडळी, माझा मुद्दा येथेच आहे. ही शाळा धावण्यासाठी जगप्रसिद्ध झाली खरी, परंतु ती शाळाच राहिली. विशेष सरावासाठी ब्रदर कॉल्म यांनी सुट्टीतली शिबिरे काढली, ती १९८९ पासून. सत्रात वर्ग आणि सुट्टीत शिबिर, अशी वाटणी झाली.

फळ काय मिळाले? थोडी नावे सांगतो. ब्रदर कॉल्म येण्यापूर्वीच या शाळेत शिकून गेलेले माइक बॉइट यांनी १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये आठशे मीटरचे कांस्यपदक मिळविले. १९७६ साली ते ऐन भरात होते, पण वर्णद्वेषाच्या प्रश्नावरून आफ्रिकी देशांनी मॉन्ट्रियलवर बहिष्कार घातला आणि त्यांची संधी गेली. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकलाही केनिया गेला नाही. एखाद्याचे सारे आयुष्य पायांवरच उभे असते तर तो येथे कोसळला असता. बॉइट यांनी अमेरिकेत डॉक्टरेट मिळविली आणि मायदेशी विद्यापीठात प्राध्यापक झाले. इब्राहिम हुसेन यांनी १९८७ मध्ये न्यूयॉर्कची आणि १९८८ मध्ये बॉस्टनची मॅरेथॉन जिंकली. बॉस्टन जिंकणारे ते पहिले आफ्रिकी. त्यांचे उच्च शिक्षण अमेरिकेतील विद्यापीठात झाले. पीटर रोनो १९८८ मध्ये सोल येथे पंधराशे मीटरचे सुवर्णपदक घेऊन आले, तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते आणि अमेरिकेत महाविद्यालयात शिकत होते. मॅथ्यू बिरीर यांनी १९९२ मध्ये बार्सिलोनाला स्टीपलचेस जिंकली. विल्सन किपकेटर १९९० मध्ये विद्यार्थी म्हणून डेन्मार्कला गेले आणि १९९७ मध्ये त्यांनी आठशे मीटरचा विक्रम १ मिनिट ४१.११ सेकंदांवर आणला.

तो विक्रम पुढे डेव्हिड रुडिशा यांनी मोडला. ते सेंट पॅट्रिकचे नव्हेत. किमुरॉन माध्यमिक शाळेचे. पण त्यांना घडविले ब्रदर कॉल्म यांनीच. २०१२ मध्ये लंडनला पहिल्या पावलापासून पुढे राहून त्यांनी आठशे मीटर १ मिनिट ४०.९१ सेकंदांत पार केले. सेंट पॅट्रिकच्या आवारात विजेत्यांच्या नावाने झाडे लावलेली आहेत, नावाच्या पाट्यांसह. मला ही चाल फार आवडली. ढाल कपाटात धूळ खाते. झाडाची सावली पुढच्या मुलाला मिळते.

परंतु एकच बाजू सांगून मी खाली बसलो तर ती फसवणूक होईल. इटेनची कीर्ती झाली तसा पैसा आला, आणि पैशाबरोबर दलाल आले. शाळा अर्धी टाकून मुले शर्यतींच्या मागे लागली. उत्तेजक औषधांचे प्रकरण तर इतके वाढले, की २०२२ मध्ये साऱ्या केनियावर जागतिक बंदी येण्याची वेळ आली. सरकारने पाच वर्षे दरसाल पन्नास लाख डॉलर या बंदोबस्तासाठी देण्याचे कबूल केले, तेव्हा ती टळली. मुलींची कथा आणखी कठीण. ॲग्नेस तिरोप या पंचविशीतील धावपटूने सप्टेंबर २०२१ मध्ये केवळ महिलांच्या शर्यतीतील रस्त्यावरील दहा किलोमीटरचा जागतिक विक्रम केला आणि पुढच्याच महिन्यात इटेनमधील राहत्या घरी तिचा भोसकून खून झाला. आरोप पतीवर ठेवला गेला. कमावत्या धावपटू मुलीची मिळकत तिच्या हाती राहत नाही, ही गोष्ट तेव्हा चव्हाट्यावर आली, आणि तिच्या मैत्रिणींनी अशा मुलींच्या मदतीसाठी संस्था काढली. पाय वेगवान झाले, पण माणूस सुरक्षित झाला नाही, असा त्याचा अर्थ.

आता एक घरची गोष्ट सांगतो. ती माझ्या अपराधाची आहे.

सुमारे तीस वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत होतो, तेथे खेळांचे काम माझ्याकडे होते. गिरणीकामगाराचा एक मुलगा पंधराशे मीटर असा धावे, की पाहत राहावे. आंतरशालेय ढालीसाठी मी त्याला दहावीच्या वर्षी वर्गांतून सूट मिळवून दिली, सहामाहीलाही बसविले नाही. ढाल आली. माझा सत्कार झाला. त्या हिवाळ्यात त्याचा गुडघा गेला, मार्चमध्ये गणित गेले, आणि जूनमध्ये तो शाळेतून गेला. मी त्याच्या घरी गेलो नाही. जायला तोंड नव्हते, असे आज म्हणतो; तेव्हा वेळ नव्हता, असे म्हणत होतो.

गेल्या दिवाळीत स्टेशनवर एका गृहस्थाने वाकून नमस्कार केला. “सर, ओळखलंत का?” तोच तो. एका दुकानात कामाला आहे. माझ्याविषयी त्याच्या मनात राग नव्हता, आणि तेच मला अधिक लागले. त्याची मुलगी आठवीत आहे, जिल्ह्यात पहिली धावते. तो म्हणाला, “सर, तुम्हीच सांगा. तिला धावू देऊ, की शिकू देऊ?”

मी गडबडलो. गाडी आली आणि मी उत्तर न देता चढलो. आज येथे उभा आहे तो ते उत्तर द्यायला. असा प्रश्न बापाला विचारावाच लागू नये, एवढ्यासाठी संस्था असतात.

म्हणून कार्यकारी मंडळाला माझी विनंती आहे, की या दहा जागा अवश्य ठेवाव्यात. परंतु तीन अटींवर. पहिली, सरावासाठी वर्ग बुडणार नाही. सकाळ, संध्याकाळ आणि सुट्टी खेळाची. शाळेची वेळ शाळेची. अभ्यासात कच्च्या मुलाला शिकवणी न्यासाने द्यावी. दुसरी, जागा मुलाला दिलेली असावी, पदकाला नव्हे. गुडघा गेला म्हणून खोली जाऊ नये. अभ्यासक्रम पुरा होईपर्यंत ती त्याचीच. तिसरी, दहांपैकी निम्म्या जागा मुलींना द्याव्यात, त्यांच्यासाठी जबाबदार गृहमाता नेमावी, आणि बक्षिसाचा पैसा मुलीच्या स्वतःच्या नावे बँकेत जावा.

खर्च किती येईल, हे खजिनदार सांगतील. मी एवढेच आठवण करून देतो, की याच शहरातून सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सक्तीचे प्राथमिक शिक्षण राज्यभर लागू केले, आणि याच शहरात आखाडेही नांदले. पाटी आणि लाल माती यांचे वैर बडोद्याने कधी मानले नाही. ते आपण आज का मानावे?

ब्रदर कॉल्म इटेनला आले ते भूगोल शिकवायला, आणि मैदान त्यांच्याकडे आले म्हणून वर्ग सुटला नाही. मला वर्गही होता आणि मैदानही होते. मी ढालीकडे पाहत राहिलो. ती ढाल अजून त्या शाळेच्या कपाटात आहे. त्या मुलाला आता मी पत्र लिहिणार आहे. आपल्या वसतिगृहाचा प्रवेश-अर्ज त्याबरोबर पाठविता येईल की नाही, हे मात्र आपल्या हाती आहे.