झडती आली तर दार उघडा, जीभ सांभाळा
(नांदेड-लातूर जिल्हा बैठकीतील भाषण)



मृग जवळ आला की कपाशीच्या पट्ट्यात मंजुरी नसलेल्या बियाण्याच्या झडतीची कुजबुज सुरू होते. किनवट-भोकरकडच्या बैठकांत आम्हाला दोनच प्रश्न येतात. पाकिटे कुठे ठेवली ते सांगावेच लागते का? मोबाईलचा पासवर्ड द्यावाच लागतो का?

घटनेचे कलम 20(3) म्हणते, आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. पण 1954 साली सुप्रीम कोर्टाने सांगितले की, झडती घेणे म्हणजे साक्ष घेणे नव्हे. 1961 साली तेव्हाच्या मुंबई राज्याच्या काठी कालू ओघड खटल्यात अकरा न्यायमूर्ती बसले. ते म्हणाले, अंगठ्याचा ठसा घेता येतो, हस्ताक्षराचा नमुना घेता येतो. पण मनातली माहिती सक्तीने वदवून घेता येत नाही. 1964 साली आणखी ठरले की, 'कागद तूच आणून दे' असा हुकूम आरोपीला देता येत नाही.

म्हणजे ज्वारीचे पेव पोलीस उकरू शकतात. पेव कुठे आहे हे आरोपीकडून जबरीने काढू शकत नाहीत. मात्र अटकेत असताना तुम्ही जागा सांगितली आणि माल तिथेच सापडला, तर तेवढे बोलणे तुमच्यावर उलटते.

गप्प बसणे आणि पुरावा नष्ट करणे यांत बांधाएवढे अंतर आहे. पावत्या जाळल्या, फोनमधला हिशेब पुसला, तर तो वेगळा गुन्हा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 241 खाली 3 वर्षांपर्यंत कैद. खोटे बोलूनही सुटका नाही. आणि जो आरोपी नाही, नुसता साक्षीदार आहे, त्याने खरे सांगायचे असते. स्वतः गुन्ह्यात अडकेल एवढ्याच प्रश्नाला तो नकार देऊ शकतो.

पासवर्डवर कोर्टांचे एकमत नाही. 2021 साली कर्नाटक उच्च न्यायालय म्हणाले, कोर्टाच्या हुकमाने तो मागता येतो. 2023 साली दिल्ली उच्च न्यायालय म्हणाले, आरोपीवर सक्ती नको. म्हणून हुज्जत घालू नका. 'वकिलाला विचारून लेखी उत्तर देतो' एवढेच म्हणा. फोन जप्त करून प्रयोगशाळेत उघडता येतो, हे मात्र ध्यानात ठेवा. अंगठ्याने उघडणाऱ्या फोनला कायद्याचा आडोसा मिळेलच, असा भरवसा धरू नका.

झडती घेणाऱ्यांवरही बंधने आहेत. वॉरंट वाचून घ्या. वॉरंट नसेल तर अधिकाऱ्याला कारणे लेखी नोंदवावी लागतात. दोन पंच हवेत, जप्तीच्या यादीची प्रत तुम्हाला मिळायला हवी. 1 जुलै 2024 पासून झडतीचे चित्रीकरणही सक्तीचे आहे. बाईची अंगझडती बाईच घेईल. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका.

10 जून 2019 रोजी अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहाँगीर शिवारात शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी मंजुरी नसलेली कपाशी दिवसाढवळ्या पेरली. गुन्हे दाखल झाले, पण त्यांनी काही लपवले नव्हते. कायदा मोडायचाच तर तो असा उघड मोडावा. रात्री पाकिटे पुरणारा एकटा पडतो, आणि एकट्याला दरडावणे सोपे असते.

गावोगाव दोन माणसे नेमा. झडतीची खबर येताच त्यांनी तिथे हजर राहावे, यादी वाचावी आणि वकिलाला फोन लावावा.