शिकवणं हीसुद्धा शिकायची गोष्ट आहे

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

मैत्रिणींनो, दुपारची कामं आवरून बसला असाल. आवरली नसतील तर हात चालू ठेवा, कान तेवढे इकडे द्या.

आजचा विषय तुम्हाला जरा लांबचा वाटेल. कॉलेजात शिकवणाऱ्या प्राध्यापकांना शिकवायला कोण शिकवतं? तुम्ही म्हणाल, त्याच्याशी आमचा काय संबंध? पण आपल्यातल्या कितीतरी जणींची मुलगी नाहीतर मुलगा आज कॉलेजात आहे. कुणी गटातून कर्ज काढून फी भरली असेल, कुणी शेळी विकली असेल. ते पैसे खर्च करून पोरगी रोज एसटीनं जाते, चार तास बसते आणि घरी येऊन म्हणते, "आई, काही कळत नाही." म्हणून हा आपलाच विषय आहे.

सुरुवात मी माझ्याच चुकीपासून करते. मी तालुक्याच्या गावी एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. आता निवृत्त आहे. नोकरीचं तिसरं वर्ष असेल. एक दिवस एक बाई स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. आत या म्हटलं तरी येईनात. मी बाहेर गेले. त्या म्हणाल्या, "मॅडम, माझी पोरगी तुमच्या वर्गात आहे. बारावीपर्यंत कधी नापास झाली नाही. इथं आल्यापासून म्हणती, डोक्यात काही जात नाही. तिचे वडील म्हणतात, ढ आहे, उजवून टाकू. तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्हीच सांगा, ती ढ आहे का?"

मी काय उत्तर दिलं असेल? "तिला अभ्यास वाढवायला सांगा, ताई." एवढं बोलून मी पुढच्या तासाला गेले.

दिवाळीनंतर ती मुलगी कॉलेजात आली नाही. तिचं लग्न झालं.

पुढच्या वर्षी त्याच ताई मला बँकेच्या रांगेत भेटल्या. हातात गटाची वही होती. मी सहज वही चाळली. कर्ज, हप्ता, व्याज, दंड, सगळं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं. मी विचारलं, "कोण लिहितं?" त्या म्हणाल्या, "आता मीच लिहिते कसंतरी. आधी पोरगी लिहायची. सगळा हिशेब तीच करायची."

ती आईच्या गटाच्या व्याजाचा हिशेब चोख करत होती. आणि माझ्या वर्गात व्याजाचं प्रकरण चालू असताना "कळत नाही" म्हणत होती. मी करत काय होते? फळ्याकडे तोंड करून व्याख्या लिहायचे, पुस्तकातल्या नोट्स सांगायचे, मुलं त्या उतरवून घ्यायची. बेल झाली की तास संपला. मुलगी ढ नव्हती. मला शिकवता येत नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं शिकलेल्या माणसाला शिकवता येत नाही, असं कसं? विचार करा. पहिलीच्या गुरुजींना नोकरीआधी डी.एड. करावं लागतं. हायस्कूलच्या बाईंना बी.एड. लागतं. अंगणवाडीच्या ताईंना प्रशिक्षण असतं. आपल्या गटाच्या सीआरपी ताईंनासुद्धा दुसऱ्या गटांना शिकवायला पाठवायच्या आधी प्रशिक्षण देतात. गोल करून कसं बसवायचं, न बोलणाऱ्या बाईला बोलतं कसं करायचं, हे तिला शिकवतात. कॉलेजच्या प्राध्यापकाला काय लागतं? एम.ए. किंवा एम.एस्सी., आणि नेट-सेट ही परीक्षा किंवा पीएच.डी. म्हणजे त्याला विषय किती येतो, हे तपासतात. नेटच्या पहिल्या पेपरात शिकवण्याबद्दल थोडे प्रश्न असतात, पण ते चार उत्तरांतून एक निवडायचे. पोहण्याबद्दलच्या प्रश्नांवर बरोबरच्या खुणा केल्या म्हणून कुणाला विहिरीत उडी मारता येत नाही. मुलाखतीत कधी पाच-दहा मिनिटं शिकवून दाखवायला सांगतात, कधी नाही. मग सोमवारी नेमणूक आणि मंगळवारी शंभर मुलांसमोर उभं राहायचं. अशा वेळी माणूस काय करतो? आपल्याला जसं शिकवलं गेलं तसंच शिकवतो. माझ्या सरांनी नोट्स सांगितल्या, मीही सांगितल्या.

ही उणीव सरकारच्या ध्यानात आली नव्हती असं नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगानं १९८७ पासून देशभर प्राध्यापकांसाठी प्रशिक्षण केंद्रं काढली. ॲकॅडमिक स्टाफ कॉलेज असं त्यांचं नाव. आपल्याकडे मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या विद्यापीठांत ती निघाली. नाव पुढे बदलत गेलं. २०२३ पासून त्यांना मालवीय मिशनची शिक्षक प्रशिक्षण केंद्रं म्हणतात. नव्या प्राध्यापकांसाठी एक वर्ग असतो आणि जुन्यांसाठी उजळणीचा वर्ग असतो. आता यातले बरेच वर्ग ऑनलाइन होतात.

मी गेले तेव्हा तो वर्ग चार आठवड्यांचा होता. लेकराला आईकडे ठेवून गेले. खरं सांगते, सगळंच काही चांगलं नव्हतं. लांबलचक भाषण देऊ नये, या विषयावर एका गृहस्थांनी आम्हाला दोन तास भाषण दिलं! पण एक दिवस माझ्या कायमचा लक्षात राहिला. त्या दिवशी आम्हा प्रत्येकाला सात मिनिटं शिकवायला सांगितलं. समोर आमचेच सोबती विद्यार्थी होऊन बसले आणि कॅमेऱ्यानं चित्रण केलं. याला सूक्ष्म अध्यापन म्हणतात. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६३ च्या सुमारास ही पद्धत सुरू झाली. मग ते चित्रण सगळ्यांसमोर दाखवलं.

माझं मीच पाहिलं. सात मिनिटांत मी एकदाही मुलांकडे नीट पाहिलं नव्हतं. तीनदा विचारलं होतं, "समजलं का?" आणि उत्तराची वाट न बघता पुढे गेले होते. आमच्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "समजलं का, हा प्रश्नच नाही. त्यावर सगळे हो म्हणतात. खरा प्रश्न विचारा आणि मनात तीन आकडे मोजा." मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी वर्गावर्गांत बसून मोजलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद थांबले तर जास्त मुलं बोलतात आणि उत्तरं मोठी येतात. आपल्या बैठकीतही करून बघा. तीन सेकंद फार लांब वाटतात.

परत आल्यावर मी व्याजाचा धडा नव्यानं घेतला. कसा, ते सांगते, म्हणजे चांगलं शिकवणं कसं असतं ते कळेल. मी नोट्स बाजूला ठेवल्या आणि एक प्रश्न टाकला. "एका बाईला दहा हजार रुपये कर्ज हवं आहे. दहा महिन्यांत फेडायचं, दर महिन्याला एक हजार मुद्दल परत करायचं. एक कंपनी म्हणते, महिना शेकडा दोन, पहिल्या पूर्ण रकमेवर. बचत गट म्हणतो, महिना शेकडा दोन, शिल्लक राहिलेल्या मुद्दलावर. दोन्हीकडे एकूण व्याज सारखंच होईल का?"

आधी प्रत्येकानं एकट्यानं विचार करायचा. मग हात वर. बहुतेकांनी हात वर केला, सारखंच होईल, दोन्हीकडे शेकडा दोनच आहे ना! मी बरोबर की चूक ते सांगितलं नाही. म्हटलं, "शेजारच्याला पटवून द्या." वर्गात गलका झाला. मागच्या बाकावरची, कधी तोंड न उघडणारी एक मुलगी शेजारणीला जोरात म्हणाली, "अगं, दुसऱ्या महिन्यात आपल्याकडे नऊच हजार राहिलेत, मग दहावर व्याज का भरायचं?" पुन्हा हात वर करायला सांगितले तेव्हा बहुतेकांनी उत्तर बदललं होतं.

मग आम्ही मांडून पाहिलं. कंपनीकडे दर महिन्याला दोनशे, दहा महिन्यांचे २,००० रुपये. गटात पहिल्या महिन्याला दोनशे, मग एकशे ऐंशी, मग एकशे साठ, असं उतरत शेवटी वीस. बेरीज १,१०० रुपये. दर तोच, पण नऊशे रुपयांचा फरक. त्या दिवशी कुणाला नोट्सची गरज पडली नाही. ती आधीची मुलगी त्या वर्गात असती तर सगळ्यात पहिला हात तिचा वर असता, हे माझ्या मनातून जात नाही.

शेजाऱ्याला पटवून देण्याची ही युक्ती माझी नव्हे. अमेरिकेतल्या हार्वर्ड या नामांकित विद्यापीठात एरिक माझुर नावाचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक आहेत. त्यांची व्याख्यानं मुलांना आवडायची, परीक्षेत गुणही चांगले पडायचे. त्यांनाही वाटायचं, आपण उत्तम शिकवतो. मग त्यांनी साध्या, रोजच्या व्यवहारातल्या प्रश्नांची एक चाचणी घेतली. एका विद्यार्थिनीनं विचारलं, उत्तर तुम्ही शिकवलं तसं लिहू की मला खरंच वाटतं तसं लिहू? म्हणजे शिकवलेलं वहीत होतं, डोक्यात जुनीच समजूत होती. त्यानंतर १९९१ च्या सुमारास त्यांनी शिकवण्याची पद्धत बदलली आणि मुलांना एकमेकांशी बोलायला लावलं. पुढे २०१४ साली विज्ञान, गणित आणि इंजिनिअरिंगच्या वर्गांवरच्या २२५ अभ्यासांचा एकत्र हिशेब झाला. मुलं नुसती ऐकत बसतात त्या वर्गांत नापास होण्याची शक्यता दीडपट दिसली. तेव्हा हे दुखणं आपल्या खेड्यातल्याच कॉलेजचं आहे असं समजू नका. मोठमोठ्या विद्यापीठांतही ते आहे. आणि त्यावर औषध आहे.

मग अडतं कुठं? एक म्हणजे हे प्रशिक्षण बढतीशी जोडलेलं आहे. प्रमाणपत्र जोडलं की वरची श्रेणी मिळते. त्यामुळे काही जण प्रमाणपत्रापुरतेच जातात. परत आल्यावर वर्गात काही बदललं का, हे फारसं कुणी बघत नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर, आम्ही दोघी मैत्रिणी महिन्यातून एकदा एकमेकींच्या तासाला मागच्या बाकावर बसायचो आणि नंतर खरं खरं सांगायचो. चार आठवड्यांच्या वर्गानं दार उघडलं, पण सुधारणा झाली ती त्या मागच्या बाकामुळे.

दुसरं म्हणजे, आज पुष्कळ कॉलेजांत तासिका तत्त्वावरचे शिक्षक आहेत. जेवढे तास घेतले तेवढेच पैसे. प्रशिक्षणाला गेलं तर तास बुडतो आणि पैसेही बुडतात. अशा तरुण शिक्षकाला दोष देऊन काय उपयोग? त्याला शिकायला सवड कॉलेजनं आणि सरकारनं द्यायला हवी.

आता आपण काय करायचं?

पहिली गोष्ट घरातली. पोरगी "कळत नाही" म्हणाली की लगेच तिला ढ म्हणू नका आणि कुणाला म्हणू देऊ नका. तिला विचारा, "काय कळत नाही? वर्गात सर काय करतात? तू काही विचारलंस का?" कॉलेजातून नाव काढायचा निर्णय या तीन प्रश्नांच्या आधी घ्यायचा नाही.

दुसरी गोष्ट कॉलेजातली. पालक मेळावा असतो. आपण जात नाही, कारण तिथं काय बोलायचं, असं वाटतं. दोघी-तिघी मिळून जा. प्राचार्यांना नमस्कार करून दोन गोष्टी विचारा. यंदा किती शिक्षक प्रशिक्षणाला गेले? आणि मुलांकडून शिकवण्याबद्दल जे अभिप्राय भरून घेता, त्यावरून काय बदल केला? नॅक नावाची संस्था कॉलेजची तपासणी करून दर्जा ठरवते, तेव्हा हे अभिप्राय बघते. त्यामुळे तुमचा प्रश्न आगाऊपणाचा नाही, कामाचा आहे. महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्याप्रमाणे प्रत्येक कॉलेजात महाविद्यालय विकास समिती असते. तिच्यात स्थानिक सदस्यही असतात. ते कोण आहेत ते शोधा आणि हाच विषय त्यांच्या कानावर घाला.

तिसरी गोष्ट बोलण्याची. शिक्षकाचा अपमान करून काही साधत नाही. "मुलांना एकमेकांत बोलायला लावलंत तो तास पोरीला फार कळला, सर," एवढं एक वाक्य शिक्षकाला पुढचं वर्षभर पुरतं. मलाही असं कुणी सांगितलं असतं तर मी लवकर शहाणी झाले असते.

त्या ताईंनी मला विचारलेला प्रश्न मला आजही आठवतो. "ती ढ आहे का?" तेव्हा द्यायचं उत्तर मी आज देते. नाही, ताई. ती हुशार होती. शिकायचं माझं राहिलं होतं.

पुढच्या बैठकीत दहा मिनिटं काढा. आपल्यातल्या कुणाची मुलं कॉलेजात आहेत ते मोजा, आणि पालक मेळाव्याला कोण कोण जाणार ते वहीत लिहून ठेवा.