झीज कुणाची, भरपाई कुणाची?

(पिंपळनेर येथील कार्यकर्ता शिबिरात केलेल्या मांडणीचं संपादित शब्दांकन)

सकाळपासून आपण पोटगी, दारू, ग्रामसभा यांवर बोललो. माझा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा काही जणी हसल्या. लीजवर घेतलेली लहान गाडी, आणि ती परत करताना आलेलं बिल! स्त्रियांच्या शिबिरात टायर आणि बंपर कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण आमच्या गटात आजवरचं सर्वांत कडाक्याचं भांडण झालं ते नवऱ्यांवरून नाही, राजकारणावरून नाही, या बिलावरून झालं. म्हणून बोलते.

गाडी लागलीच का, हे आधी सांगते. साक्री तालुक्याचा हा पश्चिमेकडचा भाग तुम्हाला ठाऊक आहे. पिंपळनेरहून साक्रीच्या कोर्टात जायला एसटी मिळते, पण चरणमाळ घाटाकडच्या पाड्यांवरून पिंपळनेरपर्यंत यायलाच सकाळ निघून जाते. धुळ्याला जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर होतात. राज्यात १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे, ती आजारी आणि जखमी माणसांसाठी. पण रात्री लेकरं घेऊन घराबाहेर पडलेल्या बाईला माहेरी कोण सोडणार? गावातल्या जीपवाल्याला हाक मारावी, तर तो नेमका तिच्या दिराचा मित्र निघतो. आपण कुठे आहोत हे सासरी न कळता तिथून निघता येणं, हीच अर्धी सुटका असते.

विकत घ्यायला पैसे नव्हते. बँक जामीन मागत होती. म्हणून एका कंपनीकडून तीन वर्षांच्या लीजवर लहान पेट्रोल गाडी घेतली. दरमहा ठरलेली रक्कम भरायची, विमा आणि सर्व्हिसिंग त्यातच, मुदत संपली की गाडी परत. आमच्यातल्या एक मावशी तेव्हाच म्हणाल्या, "बाई, हाई गाडी म्हंजे सासरनं घर. ऱ्हावानं आपुन, झाडानं-सारवानं आपुन, नि खिया ठोकना व्हई ते इचारनं पडस." आम्ही हसलो. तीन वर्षांनी त्या हसत होत्या.

मावशींचं म्हणणं कायद्यातही सापडतं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात 'मालक' शब्दाची व्याख्या आहे. गाडी लीजच्या करारावर असेल तर ती जिच्या ताब्यात आहे तीही त्या व्याख्येत बसते. म्हणजे गाडी विकायचा हक्क आपला नाही, पण अपघात झाला तर भरपाईच्या दाव्यात आपलं नाव येऊ शकतं. जबाबदारीपुरती मालकीण! ही जागा आपल्याला नवीन नाही.

दुसरा कायदा १८७२ चा, कराराचा. दुसऱ्याची वस्तू आपल्या ताब्यात असेल तर साधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी आपण घ्यावी, असं तो म्हणतो. इंग्रजी मूळ मजकुरात हा 'माणूस' पुरुष आहे, ते सोडा. तेवढी काळजी घेतली असेल तर नुकसानीची जबाबदारी आपल्यावर येत नाही. मात्र पुढे एक अट आहे : करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर. आणि करारात ते वेगळं ठरलेलं असतंच, बारीक अक्षरात, शेवटच्या पानांवर. आम्ही बायकांना सांगत फिरतो, वाचल्याशिवाय अंगठा देऊ नका. आणि आम्ही स्वतः मात्र बावीस पानांवर सह्या केल्या त्या चहा थंड व्हायच्या आत.

त्या पानांत काय होतं? महिन्याला हजार किलोमीटरची मर्यादा. धुळ्याच्या सहा फेऱ्या झाल्या की महिना संपला. वरच्या प्रत्येक किलोमीटरला वेगळे पैसे. शहरातल्या नोकरदाराच्या मापाने बेतलेला करार आम्ही पाड्यावरच्या कामाला लावला होता. दुसरं, 'रास्त झीज' माफ आणि 'नुकसान' भरून द्यायचं. पण एक कुठे संपते आणि दुसरं कुठे सुरू होतं, ते ठरवणार कंपनीचा तपासनीस.

आता तो दरवाजा. दुसऱ्या वर्षाच्या पावसाळ्यात एका पाड्यावरून एका बाईला रात्री आणायचं होतं. गाडी चालवायला आमची चोवीस वर्षांची कार्यकर्ती होती. बाई आत बसली, आणि तिच्या नवऱ्याने मागून दगड भिरकावला. काच वाचली. मागच्या उजव्या दरवाजाला खोल पोचा पडला. पोरीने न घाबरता गाडी काढली, चिखलातून, दिव्यांच्या उजेडात जेवढं दिसलं तेवढ्यावर. दुसऱ्या दिवशी आम्ही पोलीस ठाण्यात बसलो, बाईचा जबाब झाला, डॉक्टरी तपासणी झाली. बाईच्या अंगावरच्या प्रत्येक वळाची नोंद आम्ही करून घेतली. गाडीवरच्या पोचाची नोंद करावी, विम्याला कळवावं, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

मुदत संपली. तपासनीस आला, गाडीभोवती फिरला, फोटो काढले. दरवाजा, पुढचा बंपर, दोन टायर, हरवलेली दुसरी किल्ली, जादा किलोमीटर. अनामत होती तीस हजार. बिल आलं एकेचाळीस हजारांचं. दरवाजाच्या रकान्यात एवढंच : 'खोल पोचा, बदलणे'. तो पोचा कुठल्या रात्रीचा, याला फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

सर्वंकष विम्यात कुणी खोडसाळपणे केलेलं नुकसानही धरलेलं असतं. वेळेवर कळवलं असतं, पोलिसांतल्या तक्रारीची प्रत जोडली असती, तर दरवाजाचा बहुतेक खर्च विम्यातून निघाला असता. वर्ष उलटून गेल्यावर कोण ऐकणार?

बैठकीत प्रश्न आला, पैसे कुणी भरायचे. कुणीतरी म्हणालं, गाडी जिच्या हातात होती तिने कळवायला हवं होतं, निम्मे तिच्या मानधनातून कापा. मैत्रिणींनो, हे 'कुणीतरी' म्हणजे मी. समाजकार्यात एम.ए. केलेली, हिशेबाची शिस्त शिकलेली. ती पोर एक शब्द बोलली नाही. मावशी बोलल्या. म्हणाल्या, सून भांडं फोडते तेव्हा सासू हेच म्हणते ना, तुझ्या बापाकडून आण? मला उत्तर देता आलं नाही.

पैसे शेवटी सगळ्यांनी वर्गणीने भरले, आणि त्या वर्षीचं एक शिबिर रद्द केलं. मी तिची माफी मागितली. ती काम करते आहे, पण माझ्याशी पहिल्यासारखी बोलत नाही. त्याची भरपाई कुठल्या रकान्यात लिहायची, मला माहीत नाही.

यातून शिकलो ते सांगते. बऱ्याच संघटना आता भाड्याच्या गाड्या घेत आहेत, म्हणून नीट लिहून घ्या.

पहिलं, पंचनामा. तो आपल्याला कुणी शिकवायला नको. गाडी ताब्यात घेताना दिवसाउजेडी चारही बाजूंचे, टायरचे, आतल्या सीटांचे आणि किलोमीटरच्या आकड्याचे तारखेसह फोटो काढा, दोघांच्या सह्या घ्या. परत देतानाही तसंच.

दुसरं, प्रत्येक घटनेची त्याच आठवड्यात नोंद आणि विम्याला खबर. दाराला वही बांधून ठेवा. ओरखडा लिहिणारीला रागावायचं नाही, हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहा. रागावलं की नोंदी थांबतात.

तिसरं, सर्व्हिसिंग. बहुतेक लहान पेट्रोल गाड्यांना दर दहा हजार किलोमीटर किंवा वर्ष, जे आधी होईल ते. एकही चुकवू नका, प्रत्येक पावती जपा. पावती नसेल तर इंजिनाचं दुखणं तुमच्या माथी येतं.

चौथं, टायर. खाचांमध्ये आडव्या उंचवट्याच्या पट्ट्या असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की खाच १.६ मिलिमीटर उरली असं समजा, आणि गाडीच्या टायरची किमान कायदेशीर मर्यादा तीच आहे. तिथवर थांबू नका, घाटात पावसात गाडी घसरते.

पाचवं, परत द्यायच्या दोन महिने आधी आपल्या ओळखीच्या मेकॅनिककडून तपासून घ्या. ब्रेक, बॅटरी, वायपर, दिवे. लहान पोचे काढायला कंपनीच्या दरापेक्षा गॅरेजमध्ये खूप कमी लागतं, पण बाहेर काम केलेलं चालतं का ते करारात आधी पाहा. स्टेपनी, जॅक, दोन्ही किल्ल्या, पीयूसी, विम्याचे कागद एका पिशवीत. दंडाची ऑनलाइन चलनं थकली असतील तर भरून टाका.

सहावं, पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीत कुणाकडून भाडं घेऊ नका. परवान्याशिवाय भाड्याने प्रवासी नेणं गुन्हा आहे आणि विमाही अडतो.

आणि शेवटचं. पुढचा करार करताना आम्ही किलोमीटर वाढवून घेतले, झीज कशाला म्हणायचं ते आकड्यांत लिहून घेतलं, आणि गटाच्या अंदाजपत्रकात 'गाडीची झीज' असा स्वतंत्र रकाना केला. बायका झिजतात तेव्हा घरादाराला ते स्वाभाविक वाटतं, त्याचा हिशेब कुणी ठेवत नाही. आपण आपल्या संघटनेत तेच करत होतो. काम करायचं तर झीज होणार. ती आधी मोजावी आणि सगळ्यांनी मिळून उचलावी. जी रात्री गाडी काढते, तिच्या एकटीच्या पदरात ती टाकू नये.

कराराची प्रत मी बरोबर आणली आहे. जेवण झाल्यावर ज्यांना वाचायची असेल त्यांनी माझ्याजवळ बसा. शेवटच्या पानापासून सुरुवात करू.