रविवारची पाळी



मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, हे तुम्हाला माहीत आहे. पण डिग्रीच्या शेवटच्या वर्षी मी शनिवार-रविवार भोसरीत कॅलिब्रेशन टेक्निशियन होते. सुट्टीच्याच दिवशी का? तर कारखाना चालू असताना लाइनवरचे गेज उतरवता येत नाहीत.

डेडवेट टेस्टरवर वजनं ठेवायची, ती हाताने हलकेच फिरवायची म्हणजे पिस्टन अडकत नाही, गेजला बोटाने टिचकी मारायची आणि मगच आकडा वाचायचा. सरांनी व्हर्नियरची शून्यत्रुटी घोटून घेतली होती, ती इथे पहिल्याच दिवशी कामाला आली!

एका रविवारी बॉयलरचा गेज आला. दाब दिला 10 बार, काटा 9.4 वर. म्हणजे बॉयलर दिसतो त्याहून जास्त दाबावर चालत होता. तिथले साहेब म्हणाले, "काटा जुळवा आणि नंतरचंच रीडिंग लिहा. ऑडिट आहे."

मी विशीतली पोर, गप्पच झाले. आमचे सीनियर काका शांतपणे म्हणाले, "पोरी, आधीचं आधी लिही."

मी 9.4 लिहून सही केली. एकदा काटा जुळवला की आधी काय चाललं होतं याचा मागमूस राहत नाही. आणि सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच गेजकडे बघून लावलेला!

साहेबांनी त्या दिवशी आम्हाला चहासुद्धा विचारला नाही. व्हॉल्व्ह मात्र त्याच आठवड्यात तपासणीला आला.