चाक दिसते, पाट दिसत नाही

नदीकाठच्या जुन्या पाणचक्कीचे एखादे विलायती छापचित्र तुम्ही पाहिले असेल. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, त्यावर सुईने रेघा ओढायच्या आणि पत्रा तेजाबात बुडवायचा. मेण निघाले असेल तेवढेच तांबे तेजाब खाते. त्या रेघांत शाई भरून वर कागद दाबला की चित्र उठते. अशा चित्रात घराच्या भिंतीलगत मोठे उभे चाक असते आणि पाहणाऱ्याची नजर त्याच्यावरच खिळते.

आपल्याकडची पाणचक्की पाहायची तर छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे २०२३ पर्यंतच्या औरंगाबादला, खाम नदीच्या काठी जावे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातली ही चक्की अठराव्या शतकातली. तिचे चाक बाहेर दिसत नाही. ते खाली, आडवे बसवलेले. पाणी उंचावरून पात्यांवर आदळते, कणा फिरतो आणि त्याबरोबर जात्याची वरची तळी फिरते. दर्ग्यात उतरणाऱ्या मुसाफिरांचे, फकिरांचे, गोरगरिबांचे दळण इथे होई. ते किती कष्ट वाचले, हे पहाटे उठून जाते ओढलेल्या आजीला विचारावे.

आता गंमत पाहा. नदी शेजारी, पण चक्कीचे पाणी त्या नदीचे नव्हे! नदी खाली, चक्की वर. म्हणून उत्तरेकडच्या डोंगराळ भागातून, काही मैलांवरून, जमिनीखालच्या खापरी नळांतून पाणी आणले. खरी करामत चाकात नाही, त्या न दिसणाऱ्या वाटेत आहे.

पुण्यातही तसेच. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावांतून शहरात पाणी आणणारी नहर बांधली गेली. माणसाला आत उतरून गाळ काढता यावा एवढी ती मोठी. आणि स्वारगेटला २०१९ साली मेट्रोचे खोदकाम चालू असताना पाण्याचे एक जुने भुयार लागले. एस.टी.तून उतरून त्यावरून चालत गेलेल्यांपैकी किती जणांना ते ठाऊक असेल?

गुरुजी, मुलांना पाणचक्कीचे चित्र जरूर काढायला सांगा. पण चाकापाशी थांबू देऊ नका. पाणी कुठून येते, तेही काढायला लावा. मग एक दिवस वर्ग घेऊन आपल्या गावच्या पाटाच्या, ओढ्याच्या उगमापर्यंत चालत जा. वाटेत कुठे गाळ साचला, कुठे बांध फुटला, गाळ काढायची पाळी कुणाची, हे मुलांनीच वहीत टिपावे आणि ग्रामसभेत वाचून दाखवावे.

चाक मोडले तर साऱ्या गावाला दिसते. पाट बुजत चालला तर कुणाला दिसत नाही. दळण मात्र दोन्ही वेळा थांबते.