राजा प्रसेनजिताचे ताट आणि आपले ताट

(विहारातील वर्षावास प्रवचनमालेत ज्येष्ठ उपासक-उपासिकांसाठी दिलेले व्याख्यान)



वर्षावासात आपण इथे बसून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतो, शील, समाधी, प्रज्ञा यांवर बोलतो. आज आम्ही पोटाविषयी बोलणार आहोत. काहींना वाटेल, विहारात हा कसला विषय? वजन, कंबर, भाकरी-भात या गोष्टी दवाखान्यात बोलाव्यात! पण बंधूंनो, हा विषय स्वतः तथागतांनी हाताळलेला आहे. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

कोसल देशाचा राजा प्रसेनजित, ज्याला पाली भाषेत पसेनदी म्हणतात, हा भगवंतांचा मोठा चाहता. खाण्याचाही तितकाच शौकीन. द्रोणभर भात एका बैठकीत संपवायचा. संयुत्त निकायात ही हकीकत आहे. असाच एकदा भरपेट जेवून तो भगवंतांच्या भेटीला आला, तेव्हा त्याला धाप लागलेली होती. भगवंतांनी त्याला रागावले नाही, हसले नाहीत की उपास करायला सांगितले नाही. त्यांनी एक गाथा सांगितली. तिचा आशय असा, की जो माणूस जागरूक राहून, मिळालेल्या अन्नातले प्रमाण ओळखून जेवतो, त्याचे दुखणे कमी होते, त्याला म्हातारपण सावकाश येते आणि त्याचे आयुष्य जपले जाते.

पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. राजाने काय केले? पाठीमागे सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्याला ती गाथा पाठ करायला लावली आणि रोज जेवणाच्या वेळी म्हणून दाखवायला सांगितले. त्याबद्दल त्याला रोज शंभर कहापण देऊ केले. राजाचा आहार हळूहळू नाळीभर भातावर आला. अंग हलके झाले, तेव्हा स्वतःच्या अंगावरून हात फिरवत तो आनंदाने भगवंतांचे उपकार बोलून दाखवू लागला.

यात आपल्यासाठी तीन गोष्टी आहेत. पहिली, आहार हळूहळू कमी झाला, एका दिवसात नाही. दुसरी, राजाला स्वतःच्या मनावर भरवसा नव्हता, म्हणून त्याने आठवण करून देणारा माणूस ठेवला. आणि तिसरी, त्यात कुणाची बेअब्रू झाली नाही.

आता राजाचे ताट बाजूला ठेवू आणि आपल्या ताटाकडे येऊ.

आपली मागची पिढी जाड होती का? नव्हती. तिला जाड व्हायला मिळालेच नाही. आपल्यापैकी साठी ओलांडलेल्यांना १९७२ चा दुष्काळ आठवतो. आईबाप रोजगार हमीवर खडी फोडत होते, लेकरं सुकडीची वाट पाहत होती, लाल मिलोच्या भाकरी घशाखाली उतरत नव्हत्या. त्या दिवसांनी आपल्याला दोन शिकवणी दिल्या. ताटात काही टाकायचे नाही, आणि आलेल्याला पोटभर वाढायचे. या दोन्ही शिकवणी भुकेतून आल्या आहेत. त्यांची आम्हाला लाज नाही, अभिमानच आहे.

पण परिस्थिती बदलली. बाबासाहेबांच्या कृपेने लेकरं शिकली, कुणी शिक्षक झाले, कुणी एस.टी.त, कुणी तलाठी कचेरीत लागले. वखर, कोळपणी, मोळी, पाण्याचे हंडे सुटले. गावात असताना हळदीच्या काढणीला दिवसभर कंबर वाकायची, आता हिंगोलीत, वसमतला घराच्या दारातून मोटारसायकलवर बसायचे आणि कचेरीच्या दारात उतरायचे. खरिपाच्या ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली, रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागला, तशी भाकरीच्या जागी पोळी आणि भात आला. कष्ट गेले, पण ताट तेवढेच राहिले. उलट त्यात फरसाण, बिस्कीट आणि पाच वेळचा चहा वाढला. पोट सुटले की लोक म्हणतात, "खात्यापित्या घरचा दिसतो." आणि आपल्याला ते ऐकून बरे वाटते!

बंधू-भगिनींनो, हे बरे वाटणे महागात पडते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पोटाचा घेर वाढलेल्या स्त्रिया १०० मागे ४० आढळल्या आणि पुरुष १२. म्हणजे हा आपल्या आयाबहिणींचा प्रश्न आधी आहे. त्याचे कारण घराघरात दिसते. सगळ्यांचे जेवण झाल्यावर बाई बसते आणि उरलेला भात, पोळीचा तुकडा, पातेल्यातली भाजी वाया जाऊ नये म्हणून संपवते. दिवसभर ती घरात राबते, पण मोकळी चालते कधी? ताई, उरलेले अन्न पोटात टाकल्याने वाचत नाही. भात टाकतानाच एक मूठ कमी टाका. ते खरे वाचवणे.

आमच्या ओळखीतल्या एका काकांची गोष्ट सांगतो. पायाला काटा लागला. दुखले नाही, म्हणून लक्ष दिले नाही. महिन्याभराने दवाखान्यात गेले तेव्हा कळले, की साखर कित्येक वर्षांपासून वाढलेली होती आणि पायाची जाणीवच गेली होती. पायाचा अंगठा काढावा लागला. आयुष्यभर अनवाणी राबलेला माणूस, पण कधी रक्त तपासले नाही. का? तर "मला काही होतच नव्हतं!" मधुमेह आणि रक्तदाब यांची हीच लबाडी आहे. बरीच वर्षे ते आतल्या आत काम करतात.

म्हणून आधी मोजमाप करू. शिंप्याचा टेप घ्या. श्वास सोडून बेंबीच्या पातळीवर घेर मोजा. पुरुषाचा ९० सेंटिमीटर, म्हणजे साधारण ३५ इंच, आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेएकतीस इंच, याच्या पुढे गेला की सावध व्हायचे. आपल्या भारतीय माणसांच्या पोटावर चरबी लवकर साठते, म्हणून आपली मर्यादा गोऱ्या लोकांपेक्षा खाली धरली आहे. वजनाचेही तसेच. पाच फुटांच्या आत-बाहेर, म्हणजे दीड मीटर उंचीच्या बाईचे वजन ५२ किलोच्या पुढे गेले की जास्त समजतात आणि ५६ च्या पुढे लठ्ठपणा.

पण एक इशारा. साठी-सत्तरीनंतर दोन-चार किलोंच्या मागे लागू नका. त्या वयात चरबीपेक्षा मोठा चोर दुसराच आहे. तिशीनंतर दर दहा वर्षांनी अंगातले स्नायू थोडे थोडे झिजतात, साठीनंतर वेगाने झिजतात. मग खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात, न्हाणीत तोल जातो, खुब्याचे हाड मोडते आणि चालता-फिरता माणूस खाटेला खिळतो. म्हणून नुसते उपाशी राहून वजन उतरवू नये. तसे केले तर चरबीबरोबर स्नायूही जातात. आणि काही न करता वजन आपोआप उतरत असेल, कपडे ढिले होत असतील, तर खूष होऊ नका, डॉक्टरांना दाखवा. त्यामागे मधुमेह, क्षयरोग किंवा आणखी काही असू शकते.

भगवंतांनी कठोर तपश्चर्या करून शरीर वाळवून पाहिले आणि तो मार्ग सोडून दिला. सुजाताची खीर स्वीकारली. मध्यम मार्ग तो हाच! खादाडपणाही नको, उपासमारही नको.

ताट कसे असावे? आपले जुने जेवण वाईट नव्हतेच. ज्वारीची भाकरी, अंबाडीची किंवा मेथीची भाजी, तुरीचे वरण, कांदा, ताक. अर्ध्या ताटात भाजी आणि कोशिंबीर घ्या, पाव ताटात वरण, मूग, मटकी, हरभरा, अंडे किंवा मासा-मटण, आणि उरलेल्या पाव ताटात भाकरी किंवा भात. दोन्ही घ्यायचे तर दोन्ही निम्मे. म्हातारपणी डाळ, दूध, अंडी कमी करू नका, स्नायूंना तेच लागते. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारावे. तेल माणशी महिन्याला अर्ध्या किलोच्या आसपास पुरावे. आपल्या घरी किती डबे लागतात ते पाहा. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चमचा. त्यात लोणचे, पापड, ठेच्यातले मीठही आले.

आता चहाचा हिशोब. एका कपात दोन चमचे साखर, दिवसाला पाच कप, म्हणजे दहा चमचे, सुमारे ४० ग्रॅम. महिन्याला एका माणसाची सव्वा किलो साखर नुसत्या चहातून पोटात जाते! रोज अर्धा तास चालून जे जळते, त्याहून जास्त यातून आत येते. एकदम बंद करू नका. प्रसेनजितासारखे करा. या महिन्यात दीड चमचा, पुढच्या महिन्यात एक.

दारूविषयी वेगळे सांगायला नको. पाचवे शील आपण सगळे घेतो. ती मनाला घातक आहेच, पण पोटाचा घेरही वाढवते.

चालण्याविषयीही धम्मात मार्गदर्शन आहे. अंगुत्तर निकायात भगवंतांनी चंक्रमणाचे, म्हणजे चालण्याचे, पाच लाभ सांगितले आहेत. लांबच्या प्रवासाची ताकद येते, प्रयत्नांची ताकद येते, आजार कमी होतात, खाल्लेले पचते आणि समाधी टिकून राहते. स्वतः भगवंत वयाच्या ८० व्या वर्षीही राजगृहापासून कुशीनगरपर्यंत चारिका करीत गेले. आजचे डॉक्टरही हेच सांगतात. आठवड्याला निदान दीडशे मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, झपाझप चालावे. बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग. सकाळी जमत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तीन वेळा चाला.

पण नुसते चालून स्नायू भरत नाहीत. त्यासाठी आठवड्यातून तीन दिवस तरी ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम हवेत. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. भिंतीला धरून टाचा उचला. भिंतीजवळ एका पायावर थोडा वेळ उभे राहा. पूर्वी विहारात आपण सगळे खाली सतरंजीवर बसायचो. पंचांग प्रणाम तीन वेळा करायचा म्हणजे गुडघे, कंबर, हात सगळे कामाला लागायचे. आता मागे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची रांग वाढत चालली आहे! ज्यांचे गुडघे खरेच गेले आहेत त्यांनी खुशाल बसावे. ज्यांना सवय म्हणून खुर्ची लागते, त्यांनी आजपासून खाली बसून पाहावे.

पौर्णिमेला अष्टशील घेणारे दुपारनंतर जेवत नाहीत. चांगली गोष्ट आहे. पण ज्यांना साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन सुरू आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण सोडू नये. साखर एकदम खाली गेली तर जीवावर बेतते. तपासणीसाठी पैसे नाहीत, ही सबब आता राहिलेली नाही. तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर प्राथमिक आरोग्य केंद्रात, उपकेंद्रात तपासतात. आशाताईंना विचारा.

शेवटी, जड मनाने एक गोष्ट बोलतो. परमपूज्य बाबासाहेबांना मधुमेह होता, रक्तदाब होता, पायांच्या वेदनांनी ते हैराण होते. १९४८ साली त्यांचा विवाह झाला तो डॉ. शारदा कबीर यांच्याशी, म्हणजे आपल्या माईसाहेबांशी. त्याही डॉक्टरच. तरी रात्र-रात्र वाचन-लेखन, संविधानाचे काम आणि समाजाचा भार यांतून त्या देहाला विसावा मिळाला नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला त्यांनी आपल्याला धम्म दिला आणि ६ डिसेंबरला ते गेले. वय अवघे ६५. धम्मदीक्षेनंतर आपल्याला ते केवळ ५३ दिवस लाभले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' छापून आलेला त्यांना पाहायला मिळाला नाही, तो १९५७ साली प्रसिद्ध झाला. आणखी दहा वर्षे ते असते तर, हा विचार कुणाच्या मनात येत नाही?

त्यांनी आपल्यासाठी देह झिजवला. आपण तर देह नुसता दुर्लक्षाने घालवतो. नातवंडांना शाळेत पोहोचवायचे आहे, सुनेला हातभार लावायचा आहे, विहाराचे काम पाहायचे आहे. त्यासाठी दोन पाय धड हवेत.

म्हणून आमची समितीला विनंती आहे. विहारात एक वजनकाटा आणि एक टेप ठेवावा. दर पौर्णिमेला वंदनेनंतर ज्याने त्याने आपली नोंद आपल्या वहीत करावी, दुसऱ्याची विचारू नये. कार्यक्रमाच्या चहात बिनसाखरेचे एक भांडे वेगळे असावे. बुद्ध पौर्णिमेची खीर अवश्य करावी, वाटी लहान ठेवावी. आणि प्रत्येक घरात एक सुदस्सन नेमावा. नातू असो, नात असो, आजोबांनी तिसरी भाकरी घेतली की त्याने हळूच आठवण करून द्यावी. शंभर कहापण नकोत, डोक्यावरून मायेने हात फिरवला तरी पुरे.

एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो. जयभीम! नमो बुद्धाय!